जाताना सोळा, येताना साडेचौदा

डेपोत त्यांना सगळे 'वेळापत्रक' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, तोंडावरही म्हणायचे, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणातसुद्धा तेच म्हटलं. त्यांचं खरं नाव काय, हे पाकिटावर नाव घालणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी शेजारच्याला विचारावं लागलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच मार्गावर बस चालवली. खालच्या गावाहून घाट चढून वरच्या गावाला, एकशे शहाण्णव किलोमीटर, वस्ती, दुसऱ्या दिवशी परत.

हे नाव त्यांना पडलं ते एका भांडणामुळे. छापील वेळापत्रकात जायचा आणि यायचा वेळ एकच होता, चार तास पन्नास मिनिटं. त्यांना तो कागद बघवत नसे. "जाताना चढ, येताना उतार. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. दोन्हीकडून सारखाच वेळ लागेल कसा? हे लिहिणारा गृहस्थ आयुष्यात गाडीत बसलेला नाही," असं म्हणून त्यांनी वरच्या कचेरीला अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केला. असे अकरा अर्ज झाले. बाराव्या वर्षी नवं वेळापत्रक छापून आलं, त्यात जाताना पाच तास दहा मिनिटं आणि येताना चार तास पस्तीस. तो कागद बायकोने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. लग्नाचा फोटो मात्र ट्रंकेत होता. त्यावरून लेक तिला चिडवायची, "आई, बाबांचं खरं लग्न कुठलं ते कळलं गं."

बायको हसून सोडून द्यायची. नवऱ्याचा हेका कुठे सोडून द्यायचा आणि कुठे धरून बसायचं, हे तिला पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळलं होतं. एका हेक्यापुढे मात्र तिचं काही चाललं नव्हतं. दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर ते डोळा मिटत नसत.

त्याला कारण होतं. निवृत्तीच्या नऊ वर्षं आधी त्यांना काही दिवस दुसऱ्या, लांबच्या मार्गावर पाठवलं होतं. दोन ड्रायव्हर, अर्धं अंतर याचं, अर्धं त्याचं. आपली पाळी संपवून, डबा खाऊन, ते मागच्या लांब बाकावर आडवे झाले. भर दुपार, सरळ रस्ता, पोटात जेवण. पुढच्याचा डोळा लागला. तोही किती, दोन श्वासांपुरता. गाडी रस्ता सोडून शेतात शिरली आणि एका झाडाला टेकून उभी राहिली. कुणी दगावलं नाही. एका शिक्षिकेचं मनगट मोडलं आणि त्या ड्रायव्हरची नोकरी गेली. चौकशीत यांना कुणी शब्दानेही बोललं नाही, बोलणार तरी काय. पण घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "मी पुढे बसून त्याच्याशी बोलत राहिलो असतो, तर त्याला झोप आली नसती." हे ते एकदाच म्हणाले. तिने समजूत घालायला तोंड उघडलं, तर उठून हात धुवायला गेले.

तेव्हापासून कुठल्याही गाडीत बसले की जागा पुढची, ड्रायव्हरच्या बाजूची, आणि तोंडाची टकळी चालू. उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत असायचा. मेहुण्याच्या घरी जाताना टॅक्सीवाल्याशी ते सलग तीन तास बोलले. मुलं किती, टायर कुठले, आदल्या दिवशी झोप किती झाली. शेवटी तो बिचारा म्हणाला, "काका, जरा गप्प बसता का? मला हॉर्न ऐकू येत नाहीयेत." मग गप्प बसले, पण सारखे त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले, त्याने तो जास्तच घाबरला.

निवृत्तीनंतर तर त्यांनी वाहनात बसणंच सोडलं. बाजार पायी, दवाखाना पायी. लेक लग्न होऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली, त्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी ती बोलवायची आणि दरवर्षी ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." बघणार काहीच नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मग एका सकाळी लेकीचा फोन आला. बाळ यायला अजून अडीच महिने होते, पण डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली होती. डाव्या कुशीवर पडून राहायचं, बस्स. जावई दिवसभर कामावर. आवाज हसरा ठेवून ती म्हणाली, "आई, तू येशील? बाबांना नाही जमायचं, ते मला माहीत आहे. तू एकटी ये."

फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. एकटी जायला ती घाबरत होती, हे तर होतंच. आयुष्यात ती कुठल्याही रस्त्याने गेली ती हे चाकावर असताना, नाहीतर पुढच्या सीटवर बसून बडबडत असताना. पण खरी धास्ती वेगळी होती. नातवंड जन्माला येण्याइतकं मोठं कारणही जर यांना घराबाहेर काढू शकलं नाही, तर पुढे कुठलंच काढणार नाही. ते मूल आजोबांना फोनमधला चेहरा म्हणूनच ओळखेल, आणि हे इथे बसून म्हणत राहतील, पुढच्या वर्षी बघू.

ती त्यांना फक्त एवढंच म्हणाली, "मी जाते. तुम्ही डबा लावा दोन महिन्यांचा."

"लावतो," ते म्हणाले.

शेजारीण जग बघितलेली. म्हणजे तिचा भाचा जग बघितलेला. बातमी कळताच ती येऊन बसली. "अगं काही नाही त्यात. सकाळी दहाला विमानात बसायचं, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी उतरायचं. माझा भाचा त्याच विमानाने गेला, त्याच्या तिकिटावर मी डोळ्यांनी वाचलंय. पाचेक तास. वरच्या गावाला जायला लागतो तेवढाच वेळ."

वेळापत्रकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अंतर किती?"

"असेल की. लांब आहे खूप."

"मग पाच तासांत कसं पोचेल? गाडी आहे का बंदुकीची गोळी?"

"तिकिटावर लिहिलंय भाऊजी."

"तिकिटावर आमच्याही लिहिलेलं होतं. अकरा वर्षं खोटं लिहिलेलं होतं."

शेजारीण गेल्यावर ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, तिकीट काढायच्या जागी जाऊ. तू बसणार आहेस त्यात. काय ते नीट विचारून घेऊ."

तिकिटाचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. एका खोलीत दोन टेबलं, एक पंखा, आणि काउंटरवर शेपटीला चिकटपट्टी लावलेलं प्लास्टिकचं विमान. तिकीटवाली तिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेली, एका हाताने चहा पिणारी आणि दुसऱ्याने टाइप करणारी. तिने त्यांच्या प्रश्नाला न कंटाळता उत्तर दिलं. त्या गावची घड्याळं आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. म्हणजे दहाला निघून दोन चाळीसला पोचतं ते तिथल्या घड्याळाने. प्रवास सोळा तास दहा मिनिटांचा.

"ही झाली गोष्ट," ते म्हणाले. "आणि अंतर?"

तिने पडद्यावर बघितलं. "या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत, बारा हजार सहाशे ऐंशी किलोमीटर."

त्यांनी खिशातून कागद काढला, काउंटरवरचं पेन घेतलं. आपल्या गाडीचा सरासरी वेग चाळीस धरला. तीनशे सतरा तास. रोजची ड्युटी आठ तास धरली, तर एकोणचाळीस दिवस आणि वर पाच तास. मग तिच्या सोळा तासांनी भागलं. "म्हणजे ताशी सातशे ऐंशीच्या वर."

"हो ना काका."

"मध्ये थांबे?"

"एकही नाही. थेट आहे."

"एकही नाही," ते बायकोकडे वळून म्हणाले, जणू तिनेच ते रद्द केले होते. मग पुन्हा तिकीटवालीकडे. "बरं, आणि हिचं परतीचं? तेही सोळा दहा?"

"नाही. येताना साडेचौदा."

ते थांबले. पेन हातातच राहिलं. "अंतर तेच?"

"अंतर तेच."

"मग वेळ वेगळा का?"

तिकीटवालीला वाटलं आता हे भांडणार. ती समजावायच्या सुरात म्हणाली, "काका, वर खूप उंचावर वारे असतात, एकाच दिशेने वाहणारे. जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीमागून ढकलतात. म्हणून दीड-पावणेदोन तासांचा फरक पडतो. पुष्कळजण विचारतात, चुकलंय का म्हणून. चुकलेलं नाहीये हो."

"चुकलेलं नाही, ते कळतंय मला," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे. हेच बरोबर आहे."

बायको त्यांच्याकडे बघत होती. बाराव्या वर्षी नवं वेळापत्रक हातात आलं होतं तेव्हा ते असेच दिसले होते, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे उजळलेले. त्यांनी तो पडदा आपल्याकडे वळवायला सांगितलं. तिकीटवालीने वळवला. त्यांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, जाताना, येताना. सोळा दहा. चौदा तीस.

"हे लिहिणाऱ्याने गाडी चालवलेली आहे," ते म्हणाले.

या घडीला एक शब्द जास्त झाला तरी सगळं फिसकटेल, हे बायकोला ठाऊक होतं, म्हणून ती त्या प्लास्टिकच्या विमानाची चिकटपट्टी नखाने बसवत राहिली.

"खिडकीची जागा हिला द्या," ते म्हणाले. "आणि मला कडेची. उठबस करता आली पाहिजे."

"म्हणजे दोन तिकिटं?" तिकीटवालीने विचारलं.

"मग काय, ही एकटी जाणार आहे का एवढ्या लांब?"

घरी येताना जिन्यावर बायकोने विचारलं, "डबेवालीला काय सांगू?" तर म्हणाले, "तुला नेहमी घाई असते. मी अजून लावला होता का डबा?"

विमान उडालं तेव्हा त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली रुतून बसला होता आणि हात खुर्चीच्या दांड्यांवर. "फार उभा चढ घेतोय," ते पुटपुटले. "इंजिन तापेल." इंजिन तापलं नाही. पुढच्या सीटच्या पाठीवर छोटा पडदा होता. त्यावर नकाशा, नकाशावर एक पिटुकलं विमान, आणि खाली आकडे. वेग, उरलेलं अंतर, उरलेला वेळ. तो पडदा सापडल्यावर ते जरा सैलावले. दर थोड्या वेळाने भागाकार करायचे आणि बायकोला सांगायचे, "सातशे नव्वद. बरोबर धरलंय त्याने."

तिसऱ्या तासाला सगळे जेवले. पाचव्या तासाला खिडक्यांच्या झापडी खाली करायला लावल्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि विमानात सगळे झोपायला लागले होते. हे मात्र उठले आणि मागे गेले, जिथे हवाई सुंदऱ्यांचा चहापाण्याचा कोपरा असतो तिथे. बायकोने मान वळवून बघितलं. आता हे काय करतील, याची तिला काळजी होती. पडदा अर्धाच ओढलेला होता, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं.

"काही हवंय का काका?"

"हवं काही नाही. विचारायचं होतं. गाडी चालवायला किती जण आहेत?"

ती मुलगी हसली, पण थट्टेने नाही. "चौघं आहेत. दोघं चालवतात, तेव्हा दोघं झोपतात. मग पाळी बदलते."

"झोपायला जागा कुठे?"

"वेगळी खोली आहे छोटी. बिछाने आहेत तिथे."

"बिछाने," ते म्हणाले. मागच्या लांब बाकाची आठवण त्यांना झाली असावी, कारण ते क्षणभर थांबले. "आणि जे चालवतायत, त्यांच्याशी बोलायला कोण?"

"म्हणजे?"

"जागं ठेवायला. सरळ रस्ता असला की डोळा लागतो, पोरी. वळणावर नाही लागत."

"आम्ही दर अर्ध्या तासाने फोन करतो त्यांना. चहा हवा का, कॉफी हवी का विचारतो. नको असलं तरी उत्तर यावंच लागतं."

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"पहिल्यापासून असंच चालत आलंय काका."

"शहाणा माणूस असणार कोणीतरी." मग थोडं घुटमळून म्हणाले, "पुढचा फोन कराल तेव्हा सांगा त्यांना. एकतीस नंबरच्या ओळीत एक जुना ड्रायव्हर आहे. तो जागा आहे म्हणावं."

ते जागेवर येऊन बसले. अर्ध्या तासाने ती मुलगी खरंच आली आणि वाकून म्हणाली, "सांगितलं मी. कॅप्टनसाहेब म्हणाले, मनापासून आभार. पण काकांना म्हणावं, निवांत झोपा. आमची पाळी आत्ताच बदललीय, आम्ही ताजेतवाने आहोत."

"असंच म्हणायचं असतं," ते बायकोला म्हणाले. "मीपण म्हणायचो."

सातवा तास गेला, आठवा गेला. त्यांचे डोळे लाल झाले होते. मान पुढे कलायची आणि ते दचकून सरळ व्हायचे, पडदा बघायचे. दोनदा उठून तोंड धुऊन आले. आदल्या दिवशीही त्यांना झोप नव्हती, बॅगा तीनतीनदा तोलण्यात रात्र गेली होती. बायको बघत होती. पासष्ट वर्षांचा माणूस. असाच आणखी आठ तास बसला तर उतरताना पाय कुठे पडेल याचा नेम नव्हता. आणि लेक अंथरुणावर. तिला आणखी एक आजारी माणूस नेऊन द्यायचा का?

"झोपा की थोडं," ती म्हणाली.

"झोप तू."

"अहो, चौघं आहेत ते."

"आम्ही दोघं होतो."

ती खिडकीकडे वळली, झापड बोटभर वर केली, पुन्हा खाली केली. मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही वरच्या गावाला जायचात, तेव्हा वस्तीवर पोचल्याचा डेपोत फोन यायचा. ठाऊक आहे ना?"

"दर खेपेला यायचा. मग?"

"डेपोतला वॉचमन आपल्या खिडकीवर टिचकी मारून जायचा घरी जाताना. मी सांगून ठेवलं होतं त्याला. ती टिचकी वाजेपर्यंत मी कधी आडवी झाले नाही. एकतीस वर्षं."

त्यांनी मान वळवली. "कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले असते तर तुम्ही घाटात माझा विचार करत बसला असतात. ड्रायव्हरला दुसरा विचार नको, हे तुम्हीच सांगायचात." तिने आपली शाल उलगडून त्यांच्या गुडघ्यांवर घातली. "तुम्ही चालवत होता आणि मी जागी होते. गाडी कधी शेतात गेली?"

"त्या एका दिवशी गेली."

"त्या दिवशी तुम्ही नव्हता चालवत. आणि त्या लांबच्या मार्गाचा फोन आपल्या डेपोत येत नसे. टिचकी वाजणारच नव्हती, म्हणून मी दुपारी जेवून झोपले होते." तिने शालीची कड सारखी केली. "मी कुणाला सांगायचं मग, की माझं चुकलं म्हणून?"

इतक्या वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं की त्या दुपारच्या हिशेबात आणखी कुणी स्वतःला उभं केलं असेल. त्यांनी शालीखालून तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"तुझं कसं चुकलं?" ते म्हणाले. "तू घरी होतीस."

"तुम्ही मागच्या बाकावर होता," ती म्हणाली. "पाळी संपवून."

पडद्यावरचं विमान समुद्रावर एका जागी चिकटल्यासारखं दिसत होतं. आकडा मात्र सरकत होता.

"मी बघते पुढचं," ती म्हणाली. "वेग सांगेन, अंतर सांगेन. काही वेगळं वाटलं तर उठवेन. तुमची पाळी झाली."

"भागाकार येईल का तुला?"

"बी.ए.ला गणित होतं माझं. तुम्ही कधी विचारलंत?"

त्यांनी डोळे मिटले. पाच मिनिटांनी उघडले. ती ताठ बसून पडदा बघत होती, चष्मा नाकावर, हातात त्यांचाच कागद आणि पेन. त्यांनी पुन्हा मिटले. मग त्यांची मान हळूहळू तिच्या बाजूला कलली, खांद्यावर टेकली आणि तिथेच राहिली. ती खांदा अजिबात न हलवता बसून राहिली. मुंग्या आल्या, मग मुंग्याही कळेनाशा झाल्या. मध्ये एकदा विमान चांगलंच हादरलं, पट्टे बांधायला सांगितलं. तिने त्यांचा पट्टा हळूच चाचपून बघितला, तो बांधलेलाच होता. तिने पडद्याकडे बघितलं, वेग बघितला, कागदावर लिहिला. थोड्या वेळाने हादरे थांबले. तिने त्यांना उठवलं नाही.

ते उठले तेव्हा चार तास झाले होते.

"कुठवर आलो?"

"तीन हजार शंभर राहिले. चार तासांना दहा-पाच मिनिटं कमी."

त्यांनी मनातल्या मनात भागून बघितलं. बरोबर होतं. "मध्ये काही?"

"एकदा हलली गाडी. सावरली त्यांनी."

"उठवलं नाहीस?"

"गरज नव्हती."

ते हातांनी चेहरा चोळत थोडा वेळ बसले. मग खुर्चीत सरळ झाले, तिच्या मांडीवरचा कागद आणि पेन घेतलं. "आण इकडे," ते म्हणाले. "आता तू पड. बारीक डोळा लाव. लेकीपाशी गेलीस की कुठली झोप मिळायची तुला."

ती खांदा चोळत हसली आणि खिडकीला डोकं टेकलं. झोप लागायच्या आधी तिला ऐकू आलं, ती मुलगी पुन्हा पाणी घेऊन आली होती आणि हे तिला सांगत होते, "नाही, मी आत्ताच उठलो. मधली ड्युटी हिची होती."